‘कर्नाटकी’ म्हणजे नेमके कुठले?

आपल्या बीदर-कलबुर्गी भागातल्या मराठी समारंभांत एक वाक्य वर्षानुवर्षे कानांवर पडते. ‘पंडित भीमसेन जोशी हे कर्नाटकी संगीतातले फार मोठे गायक होते.’ वाक्य भक्तिभावाने उच्चारलेले असते. श्रोते माना डोलावतात, कुणी टाळ्याही देतो. पण वाक्य चूक आहे. भीमसेनजी १९२२ साली जन्मले ते गदगला, म्हणजे कर्नाटकात, यात शंका नाही. मात्र ते गायले ख्याल, घराणे किराणा, आणि पद्धती हिंदुस्थानी. ‘कर्नाटकातले गायक’ म्हणा, ‘कन्नड मातृभाषेचे गायक’ म्हणा, दोन्ही खरे. ‘कर्नाटकी संगीताचे गायक’ म्हटले की त्यांचे गुरू, त्यांचे घराणे आणि त्यांचा सगळा रियाज एका ई-काराने पुसला जातो.

हा ई-कार आला कुठून, आणि आपल्याच भागात त्याचा एवढा घोळ का होतो, ते थोडे मागे जाऊन पाहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. पुण्या-नागपूरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याला ‘कर्नाटकी’ म्हटले की थेट मृदंगम्, वीणा, त्यागराज आठवतात. आपल्याला मात्र एस.टी.चा फलक आठवतो, रेशनकार्ड आठवते, शेजारी आठवतो. आपण ज्या राज्यात राहतो त्याचे नाव आणि एका संगीतपद्धतीचे नाव एकच झाल्याने हे घडते.

आणि हे एकच होणेही तसे अलीकडचे आहे. १९५६ साली निजामाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली तेव्हा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बीदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले, काही भाग आंध्राकडे, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औरादकडचा भाग म्हैसूरकडे. मी गुलबर्ग्यात शाळेत जात होतो तेव्हा वह्यांवर ‘म्हैसूर राज्य’ असेच लिहीत असू. राज्याचे नाव ‘कर्नाटक’ झाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. प्रदेश म्हणून ‘कर्नाटक’ हे नाव जुनेच होते, धारवाडकडे तर ते अभिमानाने मिरवले जाई. पण आमच्या आजीच्या तोंडी ‘कर्नाटकी’ म्हणजे एक तर कशिदा, नाही तर गाणे. घराचा पत्ता म्हणून तिने तो शब्द कधी वापरला नाही. पत्ता आला आणि शब्द दुहेरी झाला.

आता खरोखरचे मागे जाऊ. फार लांब जायला नको, बसवकल्याणपर्यंत पुरे. हे आज बीदर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, बाराव्या शतकात चालुक्यांची राजधानी होते. या राजांना त्या काळी कर्णाटाचे राजे म्हणत. त्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे इथपासून भात कसा शिजवावा इथपर्यंत त्यात सगळे आहे, आणि गीत, वाद्य व नृत्य यांना मोठी जागा आहे. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी एक नोंद त्यात येते: महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. ओवीचा हा अगदी जुन्यांतला उल्लेख, आणि तो आला कुठे, तर कर्णाटाच्या राजाने कल्याणमध्ये रचलेल्या ग्रंथात. त्याचा मुलगा दुसरा जगदेकमल्ल, त्यानेही ‘संगीतचूडामणि’ लिहिला. आपल्या तालुक्याच्या गावात बाप-लेक दोघेही संगीतावर लिहीत होते, आणि आपण मात्र मुलांना संगीताचा इतिहास सांगताना ग्वाल्हेरपासून सुरुवात करतो.

(‘कल्याण’ रागाचा या गावाशी संबंध जोडण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. २०१९ साली ‘हैदराबाद-कर्नाटक’ हे नाव जाऊन ‘कल्याण कर्नाटक’ आले, तेव्हापासून हा मोह वाढला आहे.)

चालुक्यांनंतर यादव. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम हिशेबखात्याच्या प्रमुखाचे, आणि नाव राहिले ते ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथामुळे. उत्तरेचे आणि दक्षिणेचे, दोन्हीकडचे पंडित या ग्रंथाला आपला मानतात. त्यावरची एक प्रसिद्ध टीका कल्लिनाथाची, ती विजयनगरात लिहिली गेली. या ग्रंथात आपल्या विशेषणाचे एक जुने रूप भेटते. गौड रागाची जी उपांगे दिली आहेत त्यांत कर्णाट गौड आहे, द्राविड गौड आहे, तुरुष्क गौडही आहे. म्हणजे त्या वेळी ‘कर्णाट’ हे विशेषण एकेका रागाला लागत होते, अख्ख्या पद्धतीला नव्हे. कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर म्हणावे तसे.

याच ‘कर्णाट’चे घासून घासून ‘कानडा’ झाले. दरबारी कानडा, नायकी कानडा, हुसेनी कानडा ही हिंदुस्थानी संगीतातली एक मोठी कुळी आहे. परंपरा दरबारीचे नाते तानसेनाशी जोडते. गंमत पाहा: रागाच्या नावात कर्णाट देश बसलेला, राग मात्र उत्तरेच्या दरबारातला, आणि दक्षिणेचे गायक दरबारी कानडा गातात तेव्हा तो उत्तरेकडून घेतलेला राग म्हणूनच गातात. म्हणून ‘दरबारी कानडा हा कर्नाटकी राग आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देता येत नाहीत, आणि त्याच्यावर रागावताही येत नाही.

‘कानडा’ हा शब्द मराठीत आणखी एका कामाला आला. ज्ञानदेवांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ हे विशेषण आहे. काही अभ्यासक त्याचा अर्थ कन्नड देशचा असा करतात, काही म्हणतात की ‘कानडा’ म्हणजे अगम्य, न उमगणारा. मला वाटते, शेजाऱ्याची भाषा कळेना म्हणून न कळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तिचे नाव दिले गेले असावे. आपल्या जिल्ह्यांत दोन्ही भाषा कळतात, तेव्हा दुसऱ्या अर्थाची आपल्याला गरज नाही.

मग पद्धतीला हे नाव केव्हा लागले? याचे उत्तर नकाशात आहे. जुन्या मराठीत ‘कर्नाटक’ म्हणजे आजचे राज्य नव्हते. शिवाजी महाराजांची १६७७ सालची जिंजी-वेलूरकडची स्वारी मराठी इतिहासात ‘कर्नाटक स्वारी’ म्हणून ओळखली जाते, आणि ही दोन्ही ठिकाणे आज तमिळनाडूत आहेत. पुढे इंग्रज-फ्रेंचांची १७४६ ते १७६३ या काळात झालेली युद्धे, त्यांनाही आपण पाठ्यपुस्तकात ‘कर्नाटक युद्धे’ म्हणतो. ती लढली गेली मद्रास, अर्काट, त्रिचनापल्ली या भागात. अर्काटचा नवाब ‘कर्नाटकचा नवाब’ म्हणवून घेई. आमच्याकडचा एक मुलगा ही युद्धे कलबुर्गीच्या किल्ल्यात झाली असे उत्तरपत्रिकेत लिहून आला होता. शब्दाने त्याला फसवले. किल्ला तर समोर होताच.

म्हणजे ‘कर्नाटक’ हे कृष्णेपलीकडच्या साऱ्या दक्षिणेचे सैल नाव होते, आणि ‘कर्नाटक संगीत’ म्हणजे त्या साऱ्या दक्षिणेचे संगीत. तमिळ बोलीत तर ‘कर्नाटकम्’ म्हणजे जुन्या वळणाचे, सनातनी असाही अर्थ आहे. एखाद्याची पगडी कर्नाटकम् असू शकते.

या संगीताच्या पायाशी पुरंदरदासांचे नाव घेतात. आरंभीचे स्वराभ्यास त्यांनी बसवले असे परंपरा मानते. त्यांच्या जन्मगावाविषयी पुण्याजवळचा पुरंदरगड की मलनाडातला तीर्थहळ्ळीचा परिसर असा वाद आहे. तो वाद तिथेच राहू द्या. त्यांच्या पदांवरची मुद्रा मात्र ‘पुरंदर विठ्ठल’ आहे, आणि हा विठ्ठल पंढरपूरचा, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्यांची पदे कन्नड. पण पुढे या संगीताला जे रूप आले ते तंजावरच्या परिसरात, आणि तंजावरला तेव्हा राज्य होते भोसल्यांचे. तुळजाजी राजांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ आहे. त्याच दरबारात मराठी नाटके लिहिली गेली. त्यागराज (१७६७–१८४७) तिथून जवळच तिरुवैयारूला राहून गात होते तेव्हा गादीवर होते सरफोजीराजे. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तिकडे गेले, आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग शिरले. भूमी तमिळ, कृतींची भाषा बहुतांशी तेलुगू आणि संस्कृत, राजा मराठी, आणि नाव कर्नाटक. आता सांगा, हे संगीत कुणाच्या मालकीचे?

मराठी वाचकांच्या मनात ‘हिंदुस्थानी’ आणि ‘कर्नाटकी’ ही जोडी पक्की बसवण्यात विष्णु नारायण भातखंडे यांचा वाटा मोठा. १९०४ साली ते दक्षिणेत हिंडले, मद्रास, तंजावर, एट्टयपुरम् पाहिले, पंडितांना गाठून प्रश्न विचारले, हस्तलिखिते तपासली. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची मांडणी त्यांना तिथे अभ्यासता आली, आणि पुढे त्यांनी उत्तरेच्या रागांसाठी दहा थाट ठरवले. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात, १९१० पासून खंड निघत गेले. तेव्हा आज आपण जे सहज बोलतो, ‘हे हिंदुस्थानी, ते कर्नाटकी’, त्याला पुस्तकी बैठक एका मराठी वकिलाने दिली.

त्याआधी मराठी रंगभूमीने हा शब्द वेगळ्याच अर्थाने घरोघर नेला होता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. अण्णासाहेब किर्लोस्कर तर गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातले. त्यांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. पदांच्या माथ्यावर ‘चाल’ छापण्याची तेव्हा रीत होती, आणि त्या चालींत कन्नड पदांच्याही चाली होत्या. त्यांना सरसकट ‘कर्नाटकी चाली’ म्हणत. इथे ‘कर्नाटकी’ म्हणजे शास्त्रीय पद्धती नव्हे, कर्नाटकात ऐकलेली चाल. जुनी नाट्यसमीक्षा वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

उत्तर कर्नाटक हिंदुस्थानी संगीताचे माहेरघर कसे झाले, हा मोठा विषय आहे. थोडक्यात एवढेच की आदिलशाही आणि पुढे निजामशाही अमलात इकडचे दरबार उत्तरेशी जोडलेले होते. म्हैसूरच्या दरबाराला जाणारे-येणारे उत्तरेचे गवई वाटेत धारवाड-हुबळीला मुक्काम करीत. मराठी नाटक कंपन्यांचे दौरे या भागात सतत होत. अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) मिरजेला स्थायिक झाले. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर घराण्याचे. कुमार गंधर्व सुळेभावीचे. यांतला एकही ‘कर्नाटकी’ गायक नाही, आणि सगळे कर्नाटकातले. खुद्द करीम खाँसाहेबांनी मात्र दक्षिणेचे संगीत कान देऊन ऐकले होते. त्यांच्या आवाजातली त्यागराजांची एक कृती ध्वनिमुद्रिकेवर आहे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) दोन्ही पद्धती गात. त्यांच्यासाठी ‘उभयगान’ हा शब्द कन्नडमध्ये रूढ आहे. असा शब्द मराठीत नाही, घ्यायला हरकत नाही.

माझ्या शेजारी एक निवृत्त कन्नड शिक्षक राहतात. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतात, मीही. एका उत्सवाच्या पत्रिकेचा मराठी मसुदा मी त्यांना दाखवला. मंडळींनी त्यात धारवाडच्या गायकाचा ‘कर्नाटकी गायन’ असा कार्यक्रम घातला होता. मेष्ट्रु हसले आणि म्हणाले, “सर, कर्नाटक संगीत आमच्याकडं कुठलं? ते म्हैसूर-बेंगळूरकडं. आमच्याकडं उत्तरादी.” उत्तरादी म्हणजे उत्तरेकडचे, हिंदुस्थानी. त्यांच्या बोलण्यात जराही परकेपणा नव्हता. जे गाणे आम्ही मराठी लोक त्यांच्या पदरात घालत होतो, ते त्यांना त्यांचे वाटत नव्हते. जे आम्ही आमचे समजत होतो, तेच त्यांचेही होते. पत्रिकेत ‘हिंदुस्थानी शास्त्रीय गायन’ असे छापले गेले.

भाषा, राज्य आणि संगीत या तिन्ही सीमा आपल्याकडे एकमेकींवर कधीच बसल्या नाहीत. हुमनाबादजवळच्या माणिकनगराइतके याचे चांगले उदाहरण नाही. माणिकप्रभूंचा (१८१७–१८६५) जन्म बसवकल्याणजवळ लाडवंतीचा. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदी-दखनी वळणाची आहेत, संस्कृतातही आहेत. दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे गवयांनी हजेरी लावण्याची परंपरा आहे. आता त्यांचे एखादे कन्नड पद कुणी यमन रागात गायले, तर ते ‘कन्नड पद’ झाले, ‘कर्नाटकी पद’ नव्हे. तसेच मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेल्या बसवण्णांच्या वचनांचे. वचनांची भाषा कन्नड, जन्मभूमी आपले कल्याण, गायकी हिंदुस्थानी. तीन विशेषणे, तिन्ही खरी, आणि चौथे ‘कर्नाटकी’ तिथे घुसवायला जागा नाही.

व्याकरणाचेही थोडे पाहू, कारण घोटाळ्याचे एक मूळ तिथे आहे. कन्नडमध्ये नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलत नाही. मराठीत ‘बेसुरा गळा, बेसुरी तान, बेसुरे गाणे’ असे ते बदलते, पण ‘सुरेल’ आणि ‘बेसूर’ तसेच राहतात. घरात दोन्ही भाषा असलेल्या मुलांचा इथे गोंधळ होतो. (सू दीर्घ की ऱ्हस्व? ‘सूर’ आणि ‘बेसूर’ दीर्घ, ‘सुरेल’ आणि ‘बेसुरा’ ऱ्हस्व. एवढे पाठ केले की पुरे.) ‘कर्नाटकी’ हे न बदलणाऱ्या गटातले: कर्नाटकी राग, कर्नाटकी रचना, कर्नाटकी गायन. शेवटी ई आहे म्हणून ते स्त्रीलिंगी होत नाही. ‘कर्नाटकातला, कर्नाटकातली, कर्नाटकातले’ हे बदलते, आणि ते राज्य दाखवते. भाषा दाखवायला ‘कन्नड’. ‘कानडी’ हा जुना शब्द मराठी साहित्यात भरपूर आहे, पण शेजाऱ्यांना ‘कन्नड’ ऐकायला आवडते, तेव्हा समोर बसून तेच म्हणावे. ‘कर्नाटिक’ हे इंग्रजीच्या वाटेने आलेले रूप आहे. ‘कर्नाटकी’ किंवा ‘कर्नाटक संगीत’ हाताशी असताना त्याचे काम नाही.

गाण्याबाहेर मात्र ‘कर्नाटकी’ जुन्या प्रादेशिक अर्थाने खुशाल नांदतो. कर्नाटकी कशिदा आहेच. मास्टर विनायकांचे आडनाव कर्नाटकी. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी हिंदी चित्रपटांतून गायल्या, आणि त्या गाण्यांना कुणी कर्नाटकी संगीत म्हटले नाही. नाव हे गावासारखे असते, त्यावरून गाण्याची जात ठरत नाही.

पुण्याला शिकायला गेलेली आपली मुले आणखी एक अर्थ घेऊन परत येतात. वसतिगृहात कुणी तरी त्यांना म्हणते, “तुझं मराठी कर्नाटकी आहे.” नात्यातल्या एका मुलीने हे ऐकून पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नाही. त्या बोलणाऱ्याला म्हणायचे असते की वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर जातो, शब्द लांबतो. त्याला मराठीत ‘हेल’ असा नेमका शब्द आहे, आणि हेल प्रत्येक जिल्ह्याला असतो. कोकणाला आहे, वऱ्हाडाला आहे, सदाशिव पेठेलाही आहे. ती मुलगी आता तिथेच शिकवते, हेलासकट.

शेवटी एक कूटप्रश्न, दिवाळीत मुलांना घालण्याजोगा. कुसुमाग्रजांच्या ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) या नाटकातले एक पद जितेंद्र अभिषेकींनी चारुकेशी रागात बांधले. चारुकेशी मूळचा दक्षिणेच्या बहात्तर मेळांतला. कीरवाणीचेही तसेच, आणि हंसध्वनी, आभोगी हे रागही मूळचे दक्षिणेचेच. मग ते पद कर्नाटकी म्हणायचे का? राग मूळचा कर्नाटकी, पद मराठी, बांधणारा गोव्याचा, गायकी हिंदुस्थानी. आमच्या मेष्ट्रुंना हा प्रश्न घातला, तर त्यांनी उत्तर न देता चारुकेशीच गुणगुणायला सुरुवात केली, आणि मला चहा ठेवायला आत जावे लागले.